दोन वास्तू आणि एक सभासद

पुण्यातील बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा उभा आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधून घेतलेला हा वाडा म्हणजे पेशवाईतील काष्ठशिल्पाचा अखेरचा मोठा नमुना. रस्त्याच्या बाजूचा लाकडी सज्जा, सुरूदार खांब, त्यांवरील बारीक कोरीव काम आणि आतले चौक पाहताना एका मावळत्या सत्तेच्या हौसेची कल्पना येते. या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर शुक्रवार पेठेत दुसरी वास्तू आहे. दगडी बांधणीची, मधोमध उंच अष्टकोनी मनोरा असलेली आणि त्या मनोऱ्यापासून चहूकडे भुजा फुटलेली ही इमारत म्हणजे महात्मा फुले मंडई. एक वास्तू पेशव्याची, दुसरी इंग्रजी अमदानीतली. या दोन्ही वास्तूंचा पुण्याच्या नगरपालिकेशी निकटचा संबंध आला. विश्रामबाग वाड्यात तर सुमारे १९३० पासून १९५९ पर्यंत प्रथम नगरपालिकेचा आणि १९५० नंतर महानगरपालिकेचा कारभार चालत असे. मुठेच्या काठी शिवाजीनगरची इमारत तयार झाल्यावर तो तेथे हलला.

या दोन वास्तूंना जोडणारा आणखी एक धागा आहे. तो एका माणसाच्या आयुष्यातून जातो. जोतीराव गोविंदराव फुले यांचा पहिला जाहीर सन्मान विश्रामबाग वाड्यात झाला आणि ज्या मंडईला त्यांनी कडाडून विरोध केला, तिलाच पुढे त्यांचे नाव मिळाले. मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद, सत्यशोधक समाज आणि 'गुलामगिरी' यांमुळे जोतीराव सर्वांना ठाऊक आहेत. पण १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या विचाराचा एक मोठा भाग या सभासदत्वाच्या उजेडात अधिक स्पष्ट दिसतो. नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा येतो कोठून आणि तो जातो कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी या वर्षांत सतत विचारला.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच आई चिमणाबाई वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील विधवा स्त्रीने त्यांचा सांभाळ केला. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. हे नायगाव खंडाळा तालुक्यात येते. मावळातल्या वाचकांनी मात्र लोणावळ्याशेजारचे खंडाळे डोळ्यांपुढे आणू नये; हा तालुका सातारा जिल्ह्यातला आहे.

जोतीरावांचे शिक्षण मध्येच खंडित झाले होते. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. तेथे इंग्रजी शिक्षण मिळाले, सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे जन्मभराचे मित्र लाभले आणि थॉमस पेनच्या ग्रंथाचे वाचन झाले. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून अपमान झाल्याचा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई शिकविण्यास उभ्या राहिल्या. समाजाचा रोष असह्य होऊन गोविंदरावांनी पुढच्याच वर्षी मुलगा आणि सून यांना घराबाहेर जाण्यास सांगितले. पती-पत्नींनी घर सोडले. शाळा सोडली नाही. १८५१ मध्ये बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची आणखी एक शाळा निघाली आणि त्यानंतर महार-मांग मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या.

या टप्प्यावर विश्रामबाग वाडा जोतीरावांच्या चरित्रात येतो. पेशवाई बुडाल्यानंतर १८२१ मध्ये इंग्रज सरकारने या वाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन केली होती. पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. त्या दक्षिणेच्या रकमेतूनच पाठशाळेचा खर्च चाले. पुढे या पाठशाळेचे रूप पालटून तेथे पूना कॉलेज झाले. मेजर कँडी त्याचे प्राचार्य होते. दक्षिणेच्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीसाठी खर्च व्हावा, असा अर्ज १८४९ मध्ये सुधारक तरुणांनी सरकारकडे केला तेव्हा शहरातील सनातनी मंडळी खवळली. अर्ज घेऊन जाणाऱ्यांना संरक्षण देण्याचे काम जोतीरावांनी आपल्या सोबत्यांना घेऊन केले. सार्वजनिक पैसा एका जातीच्या पोटी जावा की सर्वांच्या ज्ञानासाठी खर्च व्हावा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात प्रथम उभा राहिला तो असा.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच विश्रामबाग वाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांना शालजोडी देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. ज्या वास्तूत काही वर्षांपूर्वीपर्यंत केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांना प्रवेश होता, त्या वास्तूच्या दिवाणखान्यात शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील पंचवीस वर्षांचा एक तरुण शिक्षणकार्यासाठी सन्मान स्वीकारत होता. त्यानंतर दक्षिणेच्या निधीतून त्यांच्या शाळांना अनुदानही मिळू लागले. पेशव्यांच्या दक्षिणेचा एक ओघ अशा रीतीने मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या पाटीपेन्सिलीकडे वळला. जोतीरावांच्या पुढील सर्व लढ्यांचे बीज येथे दिसते. राज्यकर्त्याचा पैसा हा मुळात रयतेच्या घामाचा असतो, म्हणून तो रयतेच्या मुलांपर्यंत पोचला पाहिजे, ही त्यांची धारणा येथून पुढे पक्की होत गेली.

त्यानंतरची वीस वर्षे धकाधकीची गेली. १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, त्याच वर्षी श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली. १८६३ मध्ये फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह आपल्याच घरात उघडले. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. उपजीविकेसाठी ते कंत्राटे घेत. खडकवासला धरणासारख्या मोठ्या कामांवर दगड, चुना, मजूर यांचा पुरवठा करताना इमारत कशी उभी राहते आणि तिच्या हिशेबात पैसा कोठे मुरतो, हे त्यांनी जवळून पाहिले. १८६९ मधील 'ब्राह्मणांचे कसब' या पुस्तकात इंजिनिअर खात्यातील लाचलुचपत आणि मजुरांची लूट यांवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. म्हणून सार्वजनिक बांधकामाविषयी जोतीराव बोलत तेव्हा ते जाणकाराचे बोलणे असे. चुन्याची घाणी, दगडाचे माप आणि मजुरांची हजेरी यांचा व्यवहार त्यांच्या हाताखालून गेलेला होता.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, सरकारने जोतीरावांची पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून नेमणूक केली. तेव्हाच्या नगरपालिका आजच्यासारख्या लोकनिर्वाचित नव्हत्या. कलेक्टर आणि गोरे अधिकारी, सरदार, सावकार, वकील यांचा त्यांत भरणा असे. लोकांनी सभासद निवडण्याची पद्धत लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर पुढे आली. नेमलेला सभासद नेमणाऱ्याच्या शब्दाबाहेर जाणार नाही, असे सामान्यतः गृहीत धरले जाई.

नगरपालिका ही संस्था या काळात पुणे जिल्ह्यात नुकतीच रुजत होती. मावळात तळेगाव दाभाडे येथे १८६६ मध्ये नगरपालिका आली. जोतीराव पुण्यात सभासद झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, लोणावळ्याला नगरपालिका मिळाली. बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ मध्ये सलग झाला आणि लोणावळ्याच्या लहानशा वस्तीचे पाहता पाहता गाव झाले. रस्ते, दिवे, पाणी आणि सफाई या गरजा गावांना जाणवू लागल्या, आणि त्या भागविण्यासाठी कर बसविणारी स्थानिक संस्थाही आली.

पुण्याच्या नगरपालिकेचे मोठे उत्पन्न जकातीचे होते. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर कर घेतला जाई. मावळातून तांदूळ, गवत, सरपण पुण्याकडे जाई. हवेलीतून आणि आसपासच्या गावांतून भाजीपाल्याच्या गाड्या येत. शहराच्या वेशीवर गाडी थांबली की आधी जकात भरायची, मग बाजारात दलालाच्या हाती माल सोपवायचा आणि उरलेल्या पैशांत गाडीभाडे भागवून घरी परतायचे, असा शेतकऱ्याचा दिवस असे. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात जोतीरावांनी या व्यवहाराचे चित्र रेखाटले आहे. जकात आणि दलाली देऊन भाजी विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही, प्रसंगी त्याला पदरमोड करावी लागते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. जंगल खात्याने डोंगराळ मुलखातील रयतेची गायराने आणि सरपण कसे हिरावून घेतले, याचीही तक्रार त्यांनी तेथे केली आहे. मावळच्या डोंगरकडेला राहणाऱ्यांच्या हे दुखणे अंगावरचेच होते. शहराचे दिवे आणि गटारे ज्या पैशावर चालतात, तो पैसा शहराबाहेरच्या शेतकऱ्याच्या गाडीतून येतो, हे जोतीराव सभासद असताना कधी विसरले नाहीत.

ते सभासद झाले त्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. १८७७ मध्ये धनकवडी येथे सत्यशोधक मंडळींच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया बालाश्रम चालला आणि शेकडो दुष्काळग्रस्त मुलांना तेथे अन्न मिळाले. डोळ्यांसमोर भूक पाहिलेल्या माणसाला समारंभांवरचा खर्च खटकणे साहजिक होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. तोरणे आणि कमानी यांऐवजी ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारनेच नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला नकार द्यावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आजच्या हिशेबाने हजार रुपये ही रक्कम किरकोळ वाटेल. तेव्हा तिच्यात एखादी शाळा बरेच दिवस चालली असती.

१८८० च्या जुलैमध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे काम पाहणाऱ्या प्लंकेट यांच्याकडे लेखी तक्रार केली. एकीकडे नगरपालिका नागरिकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि दुसरीकडे त्याच नागरिकांच्या घरांचा विध्वंस करणारी दुकाने वस्तीत उघडली जातात, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. अबकारीचे उत्पन्न सरकारला हवे होते. त्यामुळे या तक्रारीमागे केवळ नीतीचा आग्रह नव्हता. गरिबाच्या खिशातून निघणाऱ्या प्रत्येक पैशाचा माग काढण्याची त्यांची सवय येथेही दिसते.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, मात्र शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हा त्यातला मुख्य मुद्दा. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, असे त्यांनी सुचविले. नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा भार उचलला पाहिजे, हीही त्यांची मागणी होती. सहा वर्षे सभागृहात बसून अंदाजपत्रके पाहिलेल्या माणसाची ती मागणी होती. नगरपालिका शाळांवर किती थोडे खर्च करते, हे त्यांना आतून ठाऊक होते.

मंडईचा वाद याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. पुण्याचा भाजीबाजार त्या काळी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरे. ऊन, पाऊस, धूळ आणि चिखल यांत विक्रेते बसत. शहराला छपराखालचा, स्वच्छ, शिस्तबद्ध बाजार हवा, असे नगरपालिकेच्या धुरीणांना वाटू लागले. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले होते आणि त्याची भुरळ इतर शहरांनाही पडली होती. शुक्रवार पेठेत भव्य मंडई बांधण्याची योजना तयार झाली. खर्चाचा आकडा तीन लाखांच्या घरात होता.

जोतीरावांनी या योजनेला विरोध केला. हरि रावजी चिपळूणकर यांनीही त्यांना साथ दिली. त्यांचा आक्षेप बाजाराला नव्हता. त्या पटांगणात बसणारे माळी, बागवान आणि भाजीवाल्या ही त्यांचीच माणसे होती. शहरात मुलांना शाळा अपुऱ्या असताना एवढी मोठी रक्कम एका देखण्या इमारतीत गाडून टाकणे त्यांना अन्यायाचे वाटले. मोकळ्या जागेत पाटी मांडून बसणाऱ्या गरीब विक्रेत्याला गाळ्याचे भाडे सोसावे लागणार, हाही प्रश्न होताच. इमारतीचा खर्च जकातीतून आणि भाड्यातून वसूल होणार म्हणजे तो पुन्हा शेतकऱ्याच्या आणि भाजीवालीच्या माथ्यावर बसणार, असा हा हिशेब होता.

विरोधाचा उपयोग झाला नाही. कर्नल वॉल्टर डुकाट यांनी आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकाम केले आणि १८८६ मध्ये मंडई सुरू झाली. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट हे नाव देण्यात आले. इमारत चांगली बांधली गेली, हे मान्य केले पाहिजे. गॉथिक धाटणीच्या कमानी, काळा दगड, कौलारू छपरे आणि मधला सुमारे ऐंशी फुटी मनोरा यांमुळे ती शहराची खूण ठरली. भर उन्हात आत शिरले की उंच छताखाली गारवा जाणवतो. मधल्या अष्टकोनातून भुजांकडे जाणाऱ्या वाटांमुळे गर्दी विभागली जाते आणि हवा खेळती राहते. सव्वाशेहून अधिक वर्षे भाजीबाजाराचा भार सोसून ती उभी आहे. जोतीरावांचा विरोध खर्चाच्या अग्रक्रमाला होता. मंडई उपयोगी ठरली म्हणून तेव्हाचा त्यांचा प्रश्न निकालात निघत नाही. त्या तीन लाखांत किती मुले लिहिती-वाचती झाली असती, याचा अंदाज कोणत्याही मनोऱ्यावरून दिसत नाही.

नगरपालिका सुटल्यावरही जोतीरावांचा सूर बदलला नाही. १८८८ मध्ये चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी दिली. जोतीराव तेथे शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले. झगमगीत पोशाखातील पाहुण्यांवरून देशाची परीक्षा करू नये, खरी रयत खेड्यांत अर्धपोटी राहते आणि तिच्या मुलांना शिक्षण हवे आहे, हे महाराणीला कळवावे, अशा आशयाचे भाषण त्यांनी राजपुत्रासमोर केले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभेत रावबहादूर वंडेकरांच्या पुढाकाराने त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. मुंबई हे सत्यशोधक चळवळीचे मोठे केंद्र बनले होते. गिरणी कामगारांमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांचे काम सुरू होते आणि 'दीनबंधु' पत्र तेथूनच निघे. पुणे आणि मुंबई यांना जोडणारा बोरघाटातला लोहमार्ग या चळवळीच्याही उपयोगी पडला.

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ठेकेदारीत मिळविलेला पैसा समाजकार्यात आणि आजारपणात संपला होता. १८८७ मध्येच त्यांनी मृत्युपत्र केले होते. आपला देह न जाळता मिठात घालून पुरावा, ही इच्छा त्यांनी त्यात नोंदविली आणि गंज पेठेतील घराच्या मागे त्यासाठी जागाही तयार करून ठेवली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. राहत्या वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. अखेर दहनच करावे लागले. दत्तक पुत्र यशवंतच्या हक्काविषयी भाऊबंदांनी वाद काढला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवे धरले. पुढे अस्थी घराच्या आवारात ठेवून तेथे समाधी बांधली गेली. ज्या नगरपालिकेत त्यांनी सहा वर्षे एकट्याने आवाज उठविला, तिच्याशी त्यांचा शेवटचा व्यवहार नकाराचा ठरला. नियमाच्या दृष्टीने नगरपालिकेचे चुकले असे म्हणता येणार नाही. पण योगायोग चटका लावणारा आहे.

मृत्यूनंतरही हा वाद शमला नाही. १९२४ मध्ये मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसविण्यात आला. पुढच्या वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव आणला. त्यावरून शहरात मोठे वादळ उठले, पत्रके निघाली, खटले झाले आणि ठराव मंजूर होऊ शकला नाही. निधनाला पस्तीस वर्षे उलटल्यावरही जोतीरावांचे नाव सभागृहाला पचविता येत नव्हते.

काळ बदलला तो त्यानंतरच्या दशकात. आचार्य प्र. के. अत्रे नगरपालिकेत निवडून आले. त्यांच्या पुढाकाराने १९३८ च्या सुमारास रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई करण्यात आले. अत्र्यांनीच पुढे जोतीरावांच्या जीवनावर काढलेला मराठी चित्रपट १९५४ मध्ये आला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. मंडईच्या इमारतीत काही वर्षे राहिलेले लॉर्ड रे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालयही घोले रस्त्यावर हलल्यानंतर १९६८ मध्ये महात्मा फुले वस्तुसंग्रहालय झाले. गव्हर्नरचे नाव दोन्ही ठिकाणांहून पुसले गेले आणि तेथे त्या माणसाचे नाव आले ज्याने गव्हर्नरच्या नावाच्या इमारतीला विरोध केला होता.

मंडईचे नाव बदलण्याचा निर्णय झाला तेव्हा नगरपालिकेचा कारभार विश्रामबाग वाड्यात आलेला होता. सहासष्ट वर्षांच्या आयुष्याला तीन वर्षे कमी पडलेल्या जोतीरावांचा पहिला सन्मान जेथे झाला, त्या वाड्याशीच त्यांच्या नावाचा हा मरणोत्तर सन्मानही जोडला गेला. मधल्या काळात वाड्यानेही बरेच सोसले होते. १८७९ च्या मे महिन्यात लावलेल्या आगीत त्याचा दर्शनी भाग जळाला आणि नंतर तो दुरुस्त करण्यात आला. दुसऱ्या बाजीरावाने विश्रांतीसाठी बांधलेल्या या वाड्यात पाठशाळा आली, महाविद्यालय आले, नगरपालिकेचे टेबल-खुर्च्या आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी त्या वास्तूत कोणाला प्रवेश आहे आणि तिथल्या पैशाचा लाभ कोणाला मिळतो, याचे उत्तर थोडे थोडे बदलत गेले. ते बदलण्यात जोतीरावांचा वाटा मोठा होता.

इमारतीला नाव देणे सोपे असते, कारण त्याने अंदाजपत्रकातील एकही रकाना हलत नाही. जोतीरावांचे खरे स्मारक त्या रकान्यांत शोधावे लागेल. मावळात आज लोणावळा आणि तळेगाव दाभाडे या जुन्या नगरपरिषदा आहेत, वडगावला नगरपंचायत आहे. पुण्याची महानगरपालिका तर देशातील मोठ्या महापालिकांपैकी एक आहे. जकात इतिहासजमा झाली, करांची नावे बदलली, सभासद लोकांनी निवडलेले असतात. तरीही प्रत्येक अंदाजपत्रकाच्या सभेत सुशोभीकरण, स्वागतकमानी आणि नव्या इमारती यांचे प्रस्ताव एका बाजूला असतात आणि गळके छप्पर असलेली शाळा दुसऱ्या बाजूला. अशा वेळी बत्तिसांतल्या एकाने हात वर करून हा पैसा कोणाचा, एवढेच विचारले, तरी त्या सभागृहात जोतीराव हजर आहेत असे म्हणता येईल.